हौद झाकला, पाइप राहिला

रविवारी दुपारी तीनला जालन्यात वळवाचं आभाळ आलं... आणि मी अगदी निवांत होतो.

अंगणातल्या हौदात माझे नऊ गोल्डफिश. हौद पाच बाय तीन, खोली अडीच फूट. कुठला कोर्स केला नाही, सहा वर्षांत सगळं स्वतः शिकलो. ताडपत्री उताराची बांधली, जादा पाणी जायच्या भोकाला जाळी, एअर पंप इन्व्हर्टरवर. शेजारचे काका भिंतीवरून म्हणालेही, "काय भाऊ, माशांना रेनकोट घालून राह्यले का?"

पाऊण तास झोडपलं. गाराही पडल्या. ताडपत्री तसूभर हलली नाही. मी आत बसून ऐटीत चहा घेतला...

उघडून बघतो तर पाणी ताकासारखं पांढरं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते, अंगावर चिकट थर. तीन उलटे तरंगत होते.

वर बघितलं. स्लॅबवरून हौदात उतरणारा पाइप अजून पांढरं ठिबकत होता. पाणीटंचाईत मीच बसवलेला. आणि उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून चारच दिवसांपूर्वी स्लॅबला चुना मारला होता... तोही मीच.

त्या दिवशी सुनंदा, माझी बायको, खालून म्हणाली होती, "अहो, पाऊस आला तर हे चुन्याचं पाणी कुठं जाईल?" मी शिडीवरूनच म्हणालो, "तू तुझं स्वयंपाकघर बघ. हौद मला कळतो."

आता मी पाणी तपासायची पट्टी शोधत होतो. ती मात्र रांजणातलं प्यायचं पाणी टबात ओतून, पिठाच्या चाळणीनं एकेक मासा उचलत होती. पट्टी सापडली, बुडवली. सगळ्यात गडद रंग, म्हणजे चुन्यानं पाण्याचा खार पार वर चढलेला... तोवर तिचे सहा मासे टबात गेले होते.

सकाळपर्यंत दोन उरले. सात कडुनिंबाखाली पुरले.

उघड्यावर मासे पाळत असाल तर वरून पडणारा पाऊस झाका, पण स्लॅबचं पाणी कुठं उतरतं तेही बघा. पाइप मी कापून टाकलाय.

ते दोन जगले ते तिच्यामुळं. ती अजून एकदाही "मी म्हणलं होतं" असं म्हणाली नाही. रोज टबाजवळ बसून त्यांना दाणे टाकते... म्हणाली असती तर जरा बरं वाटलं असतं.