वळणावर सरळ गेलेली गाडी

यज्ञेश्वरभाऊंच्या घरात दोन पिढ्या तहसील कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाल्या. गाड्यांच्या ग्रीसमध्ये हात घालणारे ते एकटेच. मारेगावात वणीच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं. बोलायचे कमी, आणि तेही बहुतेक गाडीखालून.

२००६च्या हिवाळ्यात काम फार वाढलं. कापसाच्या गावांचे हाल बघायला सारखी कुठली ना कुठली समिती यायची आणि भगवानरावांच्या भाड्याच्या गाड्या तिला घेऊन गावोगाव फिरायच्या. काळ्या मातीवरचा रस्ता कधी फुगतो, कधी खचतो. भगवानरावांच्या नव्या डिझेल कारमधून साहेबलोक उतरत ते मळमळून, तोंडाला रुमाल लावूनच.

"लय डुलते हो गाडी," भगवानराव म्हणाले. "काही औषध करा तिले."

औषध ठरलेलं होतं. यज्ञेश्वरभाऊ जीपांवर शिकलेले. जीप डुलली की पुढच्या दोन चाकांना बांधणारा आडवा रॉड जाड टाकायचा. तालुक्यातले सगळेच मिस्त्री तेच करत. त्यांनी यवतमाळच्या भंगारातून जाड रॉड आणला आणि बसवला. डुलणं थांबलं.

बाराव्या दिवशी मुकुटबनच्या रस्त्यावर, उतारावरच्या डाव्या वळणाला, ती गाडी न वळता सरळ उजवीकडच्या तुरीत गेली. गाडीत एकटा ड्रायव्हर खेमसिंग होता. त्याचं मनगट मोडलं.

"झोपला असशीन," भगवानरावांनी चावी काढून घेतली. "मानसं बसवतो मी गाडीत. तुह्या भरोशावर कसे बसवू?"

खेमसिंग भांडला नाही. अठरा दिवस त्याला सुट्टी नव्हती. "लागली असन झोप," तो म्हणाला. "स्टेरिंग फिरवलं असं वाटते मले. पण मी तं सपनातबी फिरवतो." पस्तिशीतल्या माणसाला झोपाळू ड्रायव्हर म्हणून तालुक्यात कोणी ठेवणार नव्हतं.

गाडी गॅरेजात आली. पत्रा ठोकायला बसले तेव्हा यज्ञेश्वरभाऊंना पुढचं उजवं टायर दिसलं. त्याची बाहेरची कड तिरपी खरवडून निघाली होती. बोट फिरवत ते बराच वेळ तिथेच उकिडवे बसले. चाक सरळ असताना कड अशी खरवडत नाही. खेमसिंगने स्टेअरिंग फिरवलं होतं. वळली नव्हती ती गाडी.

घरी त्यांच्या पत्नी शीलावहिनींनी ताट वाढलं तरी ते जेवेनात.

"काय झालं?"

"जीपले मागची चाकं ढकलतात. ह्या गाडीत पुढचीच ओढतात अन् पुढचीच वळवतात. मी जाड रॉड टाकून वळणावरचा सारा भार बाहेरच्या पुढच्या चाकावर टाकला. ते घसरलं."

"मग सांगून टाका भगवानरावले."

"सांगितलं तं त्याच्या सहाही गाड्या आपल्या हातून जातीन."

वहिनींनी फक्त भाजी परत गरम केली.

आठवड्याने, पत्रा सरळ झाल्यावर, ते भगवानरावांना शेजारी बसवून त्याच वळणावर गेले. वेग बेताचाच ठेवला. स्टेअरिंग पूर्ण फिरवलं तरी गाडीचं नाक बाहेरच जात राहिलं. टायर किंचाळलं, आणि गाडी कडेच्या मुरमावर थांबली.

"मारता काय मले!"

"मी जागा हावो ना, भगवानराव?"

मग तिथेच जॅक लावून त्यांनी जाड रॉड काढला, जुना बारीक चढवला. दीड तास लागला. भगवानराव बाभळीखाली उभे राहून घड्याळ बघत होते. दुसऱ्यांदा त्याच वेगाने गाडी चांगलीच कलली, पण वळणाबरोबर गेली.

"डुलते तं लय," भगवानराव म्हणाले.

"डुलते. पण वळते."

परत आल्यावर गॅरेजसमोर उतरून भगवानराव म्हणाले, "पोट्टा उगाच बदनाम झाला. चावी नेऊन द्या त्याले. अन् गाड्या मी आता वणीच्या गॅरेजात टाकीन. राग मानू नका."

"नाही मानत."

संध्याकाळी यज्ञेश्वरभाऊ खेमसिंगच्या घरी गेले. तो अंगणात बाजेवर आडवा होता, हात गळ्यात बांधलेला. त्यांनी सगळं सांगितलं. चूक माझी, असं दोनदा सांगितलं. खेमसिंगने ऐकलं. चावी चांगल्या हातात घेतली आणि उलटीसुलटी करून पाहिली.

"म्हणजे मी झोपलो नवतो."

"नाही गा."

त्याने चावी उशाशी ठेवली.

"भाऊ, हात बसाले डॉक्टरनं अजून पंधरा दिवस सांगितले," तो म्हणाला. "तेवढे दिवस झोपू देतीन ना भगवानराव?"