दान दिलेला गेम

बायकोच्या तेराव्या दिवशी आमच्या घरून जे दान गेलं, त्यात टीव्हीवर खेळायचा व्हिडिओ गेम होता. बाज, गादी, छत्री, चपला, पितळी तांब्या, बॅटरी, आणि त्यांच्या बाजूला तो काळा डबा, दोन रिमोट, गुंडाळलेली वायर आणि पिवळी कॅसेट. महाराजांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मंत्र पुढे चालू केला.

आमच्यात हे दान भाच्याला देतात. माझा भाचा म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा. तो महागावला राहतो. आणि त्या सामानात गेम नेऊन ठेवला तो माझ्या बहिणीनंच. म्हणाली, "तिचा जीव यातच होता. घरात ठेवसान त ते इथंच घुटमळन. देऊन टाका." मी भिंतीला टेकून बसलो होतो. त्या दिवशी घराच्या छपरावरचे कवेलू उतरवून दान द्या म्हटलं असतं कोणी, तरी मी मान हलवली असती.

तो गेम मुलासाठी आणलेला. मुलगा कॉलेजात गेला, गेम कपाटावर गेला. एका उन्हाळ्यात बायकोनं तो खाली काढला, पुसला आणि स्वतःच खेळायला बसली. मी हसलो. म्हटलं, बुढी झाली, आता हे काय? ती म्हणाली, "तुम्ही झोपता तवा मी काही म्हणतो काय?" मग मी बोलायचं सोडलं.

कॅसेटवर ढीगभर गेम लिहिलेले. खरं पाहिलं तर चार-पाचच, तेच ते पुन्हा पुन्हा नावं बदलून. त्यातला एकच तिला आवडायचा. एक ठेंगणा माणूस डोक्यावर गाठोडं घेऊन चालत जातो. वाटेत विहिरी येतात, त्यांच्यावरून उडी मारायची. समोरून बैल येतो, तेव्हा खाली बसायचं. मग एक पूल. तो पार केला की बाग लागते. तिथं झाडावरून पिवळी फळं टपटप पडतात आणि गाणं बदलतं. ती त्या माणसाला गडी म्हणायची. "अबे पाय ना समोर, बैल येऊन राह्यला!" असं ओरडायची. विहिरीत पडला तर म्हणायची, "मर मंग, आंधळ्या!" आणि पुन्हा पहिल्यापासून चालू.

मी मागच्या बाजेवर पडलेला असायचो. डोळे मिटलेले, पण कान उघडे. माझा चहा त्या गड्यावर अवलंबून होता. तो बागेत पोचला आणि ते गाणं लागलं की ती रिमोट खाली ठेवून चहा टाकायला उठायची. नाही पोचला तर चहा नाही. कितीतरी दुपारी मी मनातल्या मनात त्या गड्याला शिव्या दिल्या आहेत.

ती हिवाळ्यात गेली. सकाळी उठली, चूल पेटवली, छातीत दुखते म्हणाली, आणि यवतमाळच्या दवाखान्यात पोचायच्या आत संपली. त्याच्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही.

त्यानंतर लोकं येत. सांगत की रात्री जड जातील. रात्री काही जड गेल्या नाहीत. गोळी घेतली की झोप लागते. जड जाते ती दुपार. जेवण झालं, बाजेवर पडलो, की कान ताटकळत राहतात. घरात चहा मिळतो, सूनबाई वेळेवर देते, बिचारी चुकत नाही. पण तो चहा नुसताच येतो. त्याच्या आधी काही वाजत नाही.

हे मी एकदा मुलाजवळ बोललो. पोराकडे आता नवीन मशीन आहे, दोन वर्षांपूर्वी घेतलेलं, सुटीच्या दिवशी खेळतो. तो मोबाइलवर काहीतरी शोधत बसला आणि म्हणाला, "बाबा, आपल्या कॅसेटीतले गेम परदेशातल्या एका कंपनीचे होते. आपल्याकडे नकली यायचे. आता त्या कंपनीनं आपले सारे जुने गेम एकाच डब्यात काढले. माझ्या मशीनवर चालते. घेऊन टाकू काय?"

मला घे म्हणता आलं नाही. नको म्हणता आलं नाही. वर्ष व्हायचं होतं. वर्षभर घरात हौसेची वस्तू आणत नाहीत. पण माझा पाय अडकला होता तो दुसऱ्या गोष्टीत. जे दान दिलं ते परत घ्यायचं नसते. तिच्या नावानं पाणी सोडून जी वस्तू घराबाहेर काढली, तीच दुकानातून विकत आणून मागच्या दारानं घरात घ्यायची, हे परत घेणं झालं की नाही? मशीन दिलं हे खरं. पण गडी दिला का? पेटी दान दिली म्हणून भजनही दिलं, असं होते काय?

बहिणीला फोन केला. ती माझ्याहून मोठी आहे आणि फोनवर ओरडून बोलते, फोन नसता तरी मला ऐकू आलं असतं.

"डोकं फिरलं काय तुह्यं? दान वापस घेतं? तिले अर्ध्या रस्त्यातून माघारी बोलावतं काय?"

"वापस नाही घेऊन राह्यलो. नवीन घेऊन राह्यलो."

"तेच ते. गेम त तोच न?"

"तोच हाय का नाही, तेच त माहीत नाही अजून."

"मंग कायले घेतं? या वयात लोकं पोथी वाचतात."

मला राग आला. फोन ठेवला. मग विचार केला, बहीण कोण सांगणारी, दान घेतलं ते भाच्यानं. त्याचा हक्क. त्यानं हो म्हटलं तर विषय संपला. भाच्याला फोन लावला आणि सरळ विचारलं. तो म्हणाला, "मामाजी, ते मशीन त मी भंगारवाल्याले देऊन टाकलं. आमच्या टीव्हीले ते जुनी पिन लागतच नव्हती."

दान दिलेल्या वस्तूचं काय करायचं हे घेणाऱ्यानं ठरवायचं. पलंग मोडून जाळला तरी आपण बोलायचं नाही. रीतच आहे ती. म्हणून मी त्याला काही बोललो नाही. "बरं केलं," म्हटलं. पण मनातून गेलं नाही. जिचा जीव त्यात होता म्हणून माझ्या घरातून नेलं, ते यांनी रद्दी-लोखंडात तोललं. मी मुलाला म्हटलं, "चाल. उद्याच जाऊ यवतमाळले."

दुकान काचेचं, आत थंडगार. काउंटरवर एक तरणा माणूस, केस वर उभे. त्यानं डब्बा काढून दिला. मी हातात घेतला. हलका लागला म्हणून कानाजवळ नेऊन हलवला. आत काही वाजलं नाही.

"यात काय हाय?"

"काकाजी, यात डिस्क नसते. कोड असते. कोड टाकायचा, घरी नेटवर उतरवायचं."

"म्हणजे रिकामा डब्बा इकून राह्यले तुम्ही?"

तो हसला. मी हसलो नाही. चष्मा लावून डब्याची मागची बाजू पाहिली. नखाएवढी चित्रं, एकाशेजारी एक, ज्वारीच्या दाण्यासारखी. त्यात माझा गडी कुठं दिसणार? मी विचारलं, "याच्यात गाठोडंवाला हाय काय? विहिरीवरून उडी मारते तो?"

"काकाजी, नाव सांगा ना गेमचं."

"नाव माहीत असतं त तुले विचारलं असतं?"

"मंग कसं सांगू?"

"सारे वेगळे हायेत काय यात? का तेच ते नाव बदलून?"

आता त्याला राग आला. माझ्या मुलानं मध्ये पडून मोबाइलवर एकेक गेमचा व्हिडिओ लावायला सुरुवात केली. विमान. बेडूक. मारामारी. पुन्हा विमान. माझे डोळे शिणले. मागं गिऱ्हाईक येऊन उभं. मग एकदम तो दिसला. डोक्यावर गाठोडं. पाय तसेच, बदकासारखे. रंग जास्त भडक होता, पण तोच. विहिरीवर आला, उडी चुकली, पडला.

दुकानदाराला वाटलं, आता सौदा झाला. त्याचा राग गेला. काउंटरवरच्या एका रिमोटवर बोट ठेवून म्हणाला, "हे बटण पाहा काकाजी. यात नवीन दिलंय. पडला, मेला, काही टेन्शन नाही. हे दाबलं की मागं जाते. पुन्हा जिवंत."

त्याची काही चूक नव्हती. गेमच विकत होता तो. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मेलेला मेला न बाप्पा," मी म्हटलं, "त्याले बटणानं कायले उठवतं?" आणि डब्बा काउंटरवर आपटून बाहेर निघालो.

बाहेर रसवंतीच्या बाकावर बसलो. ऊन तापलं होतं. पोरगा आला, जवळ उभा राहिला.

"बाबा, त्याले काय माहीत आपल्या घरचं?"

"माहीत नाही त बोलाव कायले?"

"घ्यायचं का नाही, एक सांगा. मले ड्युटीवर जायचं हाय."

"जा तू. मी बसनं जातो."

तो गेला नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. रस्त्याकडे पाहत म्हणाला, "मलेही ते गाणं ऐकाचं हाय. कॉलेजच्या सुटीत मी घरी यायचो न, तवा दुपारी झोपेत तेच ऐकू यायचं. मले वाटे, आलो घरी."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. इतके महिने मी समजत होतो की दुपार फक्त माझीच गेली. पोरगा ड्युटीवर जातो, खेळतो, जेवतो, त्याचं बरं चाललं आहे असं मी धरून चाललो होतो. मी म्हटलं, "घेऊन ये. पण त्या पोराले सांग, बोलू नको जास्त."

गेम उतरायला आमच्याकडच्या नेटनं पुरता एक दिवस आणि एक रात्र खाल्ली. मधे दोनदा बंद पडला. तो सारा वेळ मी पडद्यावरची पट्टी पाहत बसलो, मुंगीसारखी सरकत होती. रविवारी मुलानं लावला. सूनबाई दारात येऊन उभी राहिली. मुलाचा हात चांगला. विहिरी पार केल्या, बैल पार केला, पूल पार केला. बाग लागली आणि गाणं बदललं.

ते गाणं ते नव्हतं. मागं ढोल होते, व्हायोलिन होतं, लग्नाच्या बँडसारखं सजवलेलं. मी म्हटलं, "हे कोणतं?" मुलानं कुठंतरी आत जाऊन जुना आवाज शोधला. पुन्हा पहिल्यापासून खेळला. या वेळी तेच होतं. तीच पत्र्यासारखी किरकिर, तेच सूर. मी पुढे सरकून बसलो. पण मी श्वास घेईपर्यंत गाणं संपलं. गडी बाग सोडून पुढे एका डोंगराला लागला होता.

"अबे थांब ना बागेत!"

"बाबा, थांबलं त टाइम जाते. पुढे अजून लय हाय."

तिला पुढचं कधीच नको होतं. ती बागेत गड्याला उभं करून ठेवायची. फळं पडत राहायची, ती वेचायचीही नाही. वेळ संपून गडी मेला तरी तोवर तिचं पातेलं चुलीवर चढलेलं असायचं. मुलाला ते जमत नाही. त्याला जिंकायचं असते, त्याच्या हातालाच ती सवय. मी दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा बागेत घडीभर थांबला आणि बोट आपोआप पुढे गेलं. मी चिडलो, तोही चिडला. "मंग तुम्हीच खेळा!" म्हणून त्यानं रिमोट माझ्या मांडीवर ठेवला.

तेव्हापासून मी खेळतो. खेळतो म्हणजे पडतो. पहिली विहीर जमते, दुसरी कधी जमते, कधी नाही. बोटं जाड, नजर अर्धी. सूनबाई म्हणते, "मामाजी, ते मागं न्यायचं बटण दाबा ना, लवकर पोचसान." मी दाबत नाही. बायकोनं पडून पडूनच गाठली होती ती बाग.

गेल्या आठवड्यात बहीण आली. गेम पाहून तोंड फिरवून बसली, टीव्हीकडे पाठ. "दान वापस आणलं म्हणतात याले."

"तुह्या पोरानं भंगारात देल्लं म्हणतात त्याले," मी म्हटलं.

मी खेळत राहिलो. पडलो. पुन्हा पडलो. तिची पाठ हळूहळू वळली. थोड्या वेळानं म्हणाली, "बैल दिसते त खाली काहून बसत नाही तो?"

"बसवून राह्यलो न."

"उशिरा बसवतं. आण इकडे."

तिनं रिमोट उलटा धरला. मी सुलटा करून दिला. गडी दोन पावलं चालला आणि सरळ पहिल्याच विहिरीत गेला.

"हे रिमोटच खराब हाय."

"रिमोट खराब नाही, तू खराब खेळतं."

"तू मोठा बागेत पोचला!"

मुलगा ड्युटीवरून येईपर्यंत आम्ही दोघं त्या एकाच विहिरीवर भांडत बसलो. बागेत कोणी पोचलं नाही.