तेलुगूत सात म्हशी

माझा आवाज आमच्या मैदानावरून निघाला की बोथच्या हायवेवर ट्रक आपोआप बाजूला होत, असं मी चारचौघांत आजवर सांगत आलो. बोथ आमच्यापासून किती लांब आहे हे ज्याला ठाऊक तो हसतो, ज्याला ठाऊक नाही तो मान हलवतो. मला दोन्ही चालतात. एकदा तर म्हणे उटनूरच्या जंगलातल्या अस्वलाने माझा आवाज ऐकून मध अर्धा टाकला अन् ते झाडावरून उतरलं. हे मला कुणी सांगितलं ते विचारू नका, कारण मीच सांगितलं.

आमचं गाव भैंशाजवळ. तेव्हा आम्ही आंध्र प्रदेशात होतो, आता तेलंगणात. मी जिनिंगमध्ये काट्यावर कारकून. दिवसभर कापसाच्या गाड्यांची वजनं लिहायची, शेतकऱ्यांशी भांडायचं अन् नाकातून रुई काढायची. पण हंगाम संपला, जिनिंगचं आवार रिकामं झालं, की तिथे काळी माती टाकून, पाणी मारून कबड्डीचं मैदान करत. कडुनिंबावर दोन भोंगे बांधत, टेबलावर माइक ठेवत अन् त्या माइकमागे मी बसे. आठ दिवस मग मी कारकून नव्हतो. आठ दिवस गावात दोनच गोष्टींना किंमत असे, एक चढाई करणाऱ्याचा दम अन् दुसरा माझा.

गुण सांगणं हे काही काम नव्हे, ते फळ्यावर दिसतात. लोक यायचे खुराक ऐकायला. म्हणजे असं की गडी स्पर्धेतल्या पहिल्या चढाईला उभा राहिला की त्याचं नाव, गाव अन् तो काय खातो हे माइकवरून सांगायची आमच्याकडे रीत होती. ती मीच पाडली होती. एक जण दिवसाला वीस अंडी खायचा. एकाची आई पहाटेपासून बदाम वाटत बसायची, पाटा तिसरा चालू होता. खेळाडू आदल्या दिवशी काट्यावर येऊन कानात सांगून जायचे, "काका, मले अंडे नोका देऊ, आमी माळकरी हाओ. मले तूप द्या." मी द्यायचो. माझ्या घरचं काय जात होतं?

बोलायचं तीन भाषांत. आधी मराठीत, कारण पुढे जमिनीवर बसलेले आमचे. मग हिंदीत, दुकानदार अन् व्यापाऱ्यांसाठी. शेवटी तेलुगूत, कारण खुर्च्यांवर ऑफिसातले साहेब. तेच तेच तीनदा बोलायचा तोंडाला कंटाळा येतो, म्हणून दर भाषेला मी थोडं वाढवायचो. मराठीत वीस अंडी खाणारा हिंदीत तीस खायचा अन् तेलुगूत कोंबडीसकट. तिन्ही भाषा येणारे लोक तर यासाठीच यायचे, कुठवर जाते ते बघायला.

त्या वर्षी आमच्या गावच्या संघात एक नवा पोरगा होता. त्याचं नाव इथे घेत नाही, एकदा घेतलं तेवढं पुरे झालं. इंटर, म्हणजे बारावी, पास झालेला, अंगाने काडी, पण दम असा की आत गेला की समोरचे सात जण कंटाळून बसतील. त्याची आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला जायची. बाप नव्हता. पोराला आदिलाबादला डिग्री करायची होती अन् त्यासाठी सरकारी हॉस्टेलात जागा हवी होती. जागा मिळाली तर कॉलेज, नाही तर आईच्या मागे निंदायला. हे मला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. आपल्याला माहीत असलेली गोष्ट माइक हातात आल्यावर कुठे जाते, हे मला आजवर कळलेलं नाही.

तो खुराक सांगायला आलाच नव्हता. मैदानात जाताना टेबलाजवळ थांबून एवढंच म्हणाला, "काका, नाव नीट सांगजा फक्त."

"अरे बिनघोर जा," मी म्हटलं.

अन् तो चढाईला उभा राहिला तेव्हा मी त्याच्या दारात म्हशी बांधल्या. मराठीत तीन. "तीन म्हशींचं दूध एकटा पितो, वासरं उपाशी!" लोक ओरडले. हिंदीत पाच झाल्या. तेलुगूत मी श्वास घेतला, खुर्च्यांकडे बघितलं अन् म्हटलं, "येडू बर्रेलु!" सात म्हशी. खुर्च्यासुद्धा हसल्या. पोराने त्या एका चढाईत तीन गडी मारले अन् मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. मला वाटलं, निम्मे गुण माझे.

बायांच्या बाजूला त्याची आई बसली होती. तिच्या शेजारणीचं बोलणं माझ्या बायकोने ऐकलं अन् घरी येऊन मला जेवण वाढता वाढता सांगितलं.

"तिले म्हनत होती, काऊन वं, सात म्हशी हायेत अन् काल ताकाले माह्या दारी आली?"

"मग ती काय म्हणाली?"

"काय म्हनन? हसली. पदर लावला तोंडाले." बायकोने भाकरी ताटात टाकली, वाढली नाही. "तुमच्या घरी म्हैस हाय का एक तरी? मंग लोकाच्या दारी काऊन बांधून राह्यले?"

मी हसण्यावारी नेलं. पुढे उपान्त्य सामनाही आम्ही जिंकलो, अंतिम सामना रविवारी होता, माझा घसा सुद्धा बरा होता.

शुक्रवारी पोरगा काट्यावर आला. रिकाम्या काट्यावर उभा राहिला तर काट्याला तो जाणवलासुद्धा नाही, इतका हलका. म्हणाला, "काका, गिरदावर दाखला देऊन नाई राह्यला."

दाखला म्हणजे उत्पन्नाचा. तो नसेल तर हॉस्टेल नाही. गिरदावर म्हणजे मंडलाच्या, म्हणजे तालुक्याच्या, महसूल ऑफिसातला अधिकारी, ज्याच्या सहीशिवाय दाखला पुढे सरकत नसे. मी म्हशी बांधल्या त्या दिवशी तो खुर्च्यांमध्ये पहिल्या रांगेत होता. करीमनगरकडचा माणूस, मराठी एक अक्षर येत नव्हतं.

"काऊन नाही देत?"

"म्हनते, सात म्हशी हायत तुह्या घरी."

अन् मी हसलो. हेच आठवलं की मला आजही कुठे तोंड लपवावं ते कळत नाही. म्हशी बांधणं एकवेळ ठीक, पण ते ऐकून मी पोट धरून हसलो अन् पोरगा माझ्यासमोर उभा राहून माझं हसणं संपायची वाट बघत राहिला. मोठ्यांसमोर आपण हसू नये म्हणून ओठ दाबून नव्हे. त्याला हसू येतच नव्हतं.

मी त्याला सायकलवर मागे बसवला अन् ऑफिसात गेलो. गिरदावर फाइल बांधत होता. मी म्हटलं, "साब, वो मैं मजाक में बोला. इसके घर में बकरी भी गिनती की है."

"मजाक हैदराबाद को समझता क्या?" तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. "सारे मंडल ने सुना. मैंने भी सुना, मेरे साब ने भी सुना. कल कोई अर्जी डालेगा, सात भैंसवाले को गरीब लिख दिया करके. फिर मेरी नौकरी को कौन दूध पिलाएगा?"

"तो क्या करना?"

"माइक पे बोले ना? माइक पेच वापस लो. सबके सामने. तेलुगू में भी."

बाहेर आल्यावर पोरगा म्हणाला, "मायले इचारा आधी."

त्याची आई घरासमोर तुराट्या मोडत बसली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ती मोडत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, म्हशी तुमी बांधल्या, तुमीच सोडा. पन भोंग्यावर माह्या घराचं नाव नोका घेऊ. गरीब हाय, खायाले नाई, असं काई बोलू नोका. माह्या पोराले उद्या सोयरीक करा लागते. दहा गावचे लोक असतेत तिथं."

"मग काय बोलू?"

"तुमाले बोलता येते ना?" ती म्हणाली. टोमणा मारला असता तरी मी समजलो असतो. तिने खरंच विचारलं होतं.

दोन रात्री मी वाक्यं जुळवली. मला वाटलं, मोठी नामी युक्ती सापडली. एकट्याच्या म्हशी सोडल्या तर त्याचं घर उघडं पडतं. सगळ्यांच्याच सोडल्या तर कुणाचंच नाही पडणार. रविवारी सामना सुरू व्हायच्या आधी मी उभा राहिलो. भोंगे खरखरले. म्हटलं, "मंडळी, आजवर या माइकवरून मी जेवढा खुराक सांगितला तो सगळा खोटा. एकाही गड्याच्या घरी मी सांगितलेली म्हैस नाही. अंडी नाहीत. बदाम तर मी सुद्धा लग्नातच पाहिला. मी खोटारडा माणूस आहे. सात म्हशी बांधल्या त्याही खोट्या, सगळ्या वापस घेतो."

मग पुढून एक जण ओरडला, "अन् कोंबड्या?"

अन् मैदान फुटलं. लोक एकमेकांच्या मांडीवर पडून हसले. त्यांना वाटलं, ही यंदाची नवी तऱ्हा. मी हिंदीत सांगायला लागलो, "कसम से, सब झूठ," तर व्यापारी टाळ्या वाजवू लागले. तेलुगूत सांगितलं तर खुर्च्यांवरचे साहेब डोळे पुसत होते. "अजून काढा काका, अजून काढा!" मी जितकं कळवळून बोलत होतो तितकं लोक हसत होते. खरं सांगतो, अन् हे सांगताना मी आवाज वाढवत नाही, उभ्या आयुष्यात माझं बोलणं एवढं गाजलं नाही. अन् त्याहून वाईट म्हणजे मधे एकदा, अगदी एवढंसं, मला त्या हसण्याची गोडी लागली. कोंबड्यांचं मी उत्तर दिलं. म्हटलं, कोंबड्या होत्या, पण त्या गड्याने खाल्ल्या नाहीत, कोंबड्यांनीच त्याला हाकललं. बोलून गेलो अन् बायांच्या बाजूला बघितलं. त्याची आई उठून चालली होती.

सामना आम्ही हरलो. तो पोरगा चढाईला जाई तेव्हा सगळं मैदान हंबरायचं, म्हशीसारखं. प्रेमाने हंबरत होते. पण दम धरून "कबड्डी कबड्डी" म्हणणाऱ्याच्या कानात एवढं हंबरणं गेलं तर दम किती टिकणार?

गिरदावर जाताना टेबलाशी थांबला. डोळे अजून ओले होते. "यार, तुम तो वापस लेने में भी झूठे लगते. अब मेरे को घर जाके देखना पड़ता."

सोमवारी सकाळी आम्ही गेलो. गिरदावर पुढे, मी मागे, अन् आमच्या मागे अर्धी वस्ती. जे मी भोंग्यावरून झाकायला निघालो होतो ते आता दिवसाउजेडी दारात येऊन उभं होतं. पोराच्या आईने पदर खोचला अन् गिरदावरला घर दाखवलं. मागे छपरी होती, तिथे एकच खुंटा, शेळीचा. त्यावर शेळीही नव्हती, दोरी होती. मग कुणी न सांगता ती आत गेली अन् फडताळावरचे डबे एकेक काढून झाकणं उघडून दाखवू लागली. ज्वारी अर्धा डबा. डाळ. पुढच्या डब्यात काही नव्हतं, तरी तिने तोही उघडून दाखवला, तळ दिसेल असा वाकडा करून. गिरदावरला मराठी येत नव्हतं, म्हणून ती जास्तच नीट दाखवत होती.

"बस, बस, अम्मा," तो म्हणाला. त्याची मान खाली गेली होती. तिथेच बाजेवर बसून त्याने सही केली. लोक बघत होते. पोरगा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

तिने चहा केला. आधी गिरदावरला दिला, मग मला. "घ्या भाऊ. काळाच हाय."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. घसा साफ होता, समोर माणसं होती, तिन्ही भाषा येत होत्या. मी चहा प्यालो.

पोराला हॉस्टेल मिळालं. पुढच्या वर्षापासून मी माइकवर नाव, गाव अन् गुण एवढंच सांगायला लागलो. लोक भडकले. "काका, खुराक!" ओरडायचे. दोन वर्षं गेली अन् कमिटीने भैंशाचा दुसरा माणूस आणला. तो चांगला आहे. बिस्कुटाच्या जाहिराती मस्त करतो.

तो पोरगा आता मास्तर आहे, उटनूरकडे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या बाजारात भेटला. माझ्या पाया पडला, मी मागे सरकेपर्यंत पडून झालं होतं. मग हॉटेलात घेऊन गेला. "एक दूधवाला, एक काळा," त्याने सांगितलं. काळा त्याच्यासाठी. सवय राहून गेली म्हणाला.

हॉटेलवाला कप ठेवता ठेवता हसला. त्याचं वय तिशीसुद्धा नसेल, त्या वर्षी तो जन्मलाही नसेल. "का हो सर, सात म्हशीवाले तुमी, अन् काळा पिता?"

सर हसले. सवयीने हसले, जसं आपण आपल्या नावाला ओ देतो. मी हॉटेलवाल्याकडे वळलो, खरं काय ते सांगायला. अन् माझं तोंड उघडलेलं बघून आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक आधीच हसायच्या तयारीने माझ्याकडे वळले. मी तोंड मिटलं अन् कप उचलला.