आत्याचा पंखा
सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की मला चाळीसगावच्या घरातला तो उन्हाळा आठवतो. लकव्यामुळे आत्या खाटेवरच असायची आणि पंखा लावायला मला हाका मारायची. म्हणून मी रिमोटचा इशारा पकडणाऱ्या इन्फ्रारेड रिसीव्हरचं सर्किट आखलं. तांब्याचा थर असलेल्या बोर्डावर मार्करने रेघा ओढल्या, उरलेलं तांबं फेरिक क्लोराईडमध्ये विरघळवलं, भाग सोल्डर करून बसवले आणि बोर्ड पंख्याला जोडला. आत्याने टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबताच पंखा फिरला. आत्या हसली, पण लगेच रिमोट माझ्या हातात परत देत म्हणाली, "पोरा, तू पंखा लावाले येस, तवयच दोन गोष्टी व्हतस ना रे." मी रिमोट तिच्या उशाशी ठेवला आणि खुर्ची ओढून तिच्याशी बोलत बसलो, मग रोजच बसत गेलो. त्या गप्पांची गरज मलाही होती, हे आता कळतं.