सोळा सळ्यांची भिंत

तार अडायला हवी होती. ती अडली नाही, सरळ आत गेली. मी ती बाहेर काढून शेजारच्या भोकात घातली. तिथेही तेच. टॉर्च लावून पाहिलं तर नळी रिकामी होती.

शेलूला चार मजली इमारतीचं काम चालू होतं. स्ट्रक्चरल डिझाइन माझं. इमारत प्रीकास्ट होती. म्हणजे भिंती चौक गावाजवळच्या यार्डात आधीच ओतायच्या, ट्रेलरवरून साइटवर आणायच्या आणि क्रेनने जागेवर उभ्या करायच्या. खालच्या मजल्यातून सळ्या वर आलेल्या असतात. वरच्या भिंतीच्या पायात तितक्याच नळ्या असतात. भिंत खाली येताना सळ्या नळ्यांत शिरतात. मग नळ्यांत ग्राउट भरतात. ग्राउट म्हणजे आधी पातळ असणारं आणि नंतर दगडासारखं घट्ट होणारं सिमेंटचं मिश्रण. दोन मजल्यांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या गोष्टी एवढ्याच. पहिल्या मजल्याच्या भिंती उभ्या झाल्या होत्या आणि ग्राउट भरण्याआधीची तपासणी करायला मी आले होते. ग्राउट भरायला प्रत्येक नळीचं एक भोक भिंतीच्या अंगावर उघडं असतं; त्यातून घातलेली तार सळीला अडते की नाही, एवढंच बघायचं असतं.

प्रत्येक भिंतीच्या पायात सोळा नळ्या होत्या. पहिल्या भिंतीत बारा रिकाम्या निघाल्या. सहा टन वजनाची भिंत चार सळ्यांवर आणि तिरक्या लोखंडी टेकूंवर उभी होती. तिच्या सावलीत सात-आठ कामगार डबे उघडून जेवत बसले होते.

मी त्यांना उठायला सांगितलं. माझा आवाज काहीतरी वेगळाच निघाला असावा, कारण कोणी का म्हणून विचारलं नाही. भाकऱ्या तशाच हातात घेऊन सगळे खाली गेले. बावीस वर्षं मी हे काम करतेय. तडे पाहिलेत, वाकलेले कॉलम पाहिलेत. नसलेली सळी पहिल्यांदाच पाहत होते.

प्रोजेक्ट मॅनेजर सामंत धावत आले. त्यांनाही हे माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. पण पाच मिनिटांत ते सावरले. टेकू आहेत, वर स्लॅब पडला की भिंती दबून बसतील, असं म्हणायला लागले. शेवटी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, ग्राउट भरल्यावर नळीच्या आत कोण बघणार आहे?"

"मी बघितलंय," मी म्हणाले, आणि काम बंद करण्याची नोटीस तिथेच लिहून दिली.

मग एकनाथदादांना बोलावलं. ते उभारणीच्या गँगचे मुकादम. चौककडच्याच गावचे, घरची भातशेती, आणि क्रेनच्या कामात वीस वर्षं. त्यांनी टाळाटाळ केली नाही.

"आमीच कापल्या, मॅडम. ग्राइंडरने. या मजल्याच्या सगळ्या भितींच्या."

"आणि खालच्या मजल्याच्या?"

"दोन भितींच्या."

खालच्या मजल्यात मी मोजक्याच भिंती तपासल्या होत्या आणि ग्राउट भरून झालं होतं. वर स्लॅब पडला होता. ते बोलले नसते तर ही गोष्ट कोणालाच कधी कळली नसती. वरचे मजले चढले असते, लोक राहायला आले असते, आणि एखाद्या भूकंपात काय झालं असतं ते मला गणिताने माहीत होतं. मी तिथल्या सिमेंटच्या गोणीवर बसले.

का कापल्या, असं मी विचारलं. ते म्हणाले, सोळा सळ्या एका वेळी बसत नाहीत. साइट ऑफिसला दोनदा सांगितलं, त्यांनी तुम्हाला कळवलंय.

मला असं काही आठवत नव्हतं. फोनवर जुने मेल शोधले. सापडला. सळ्या कमी करता येतील का, नळ्या रुंद करता येतील का, अशी साइटने विचारणा केली होती. खाली माझं उत्तर होतं: ड्रॉइंगप्रमाणे करा. तीन मिनिटांत पाठवलेलं. रिकाम्या नळ्या बघून बसला नव्हता इतका धक्का मला त्या ओळीने बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकनाथदादा यार्डात म्हणाले, "तुमी एक भित धरून बघा."

जमिनीवरच सोळा सळ्या वर आलेला काँक्रीटचा एक ठोकळा होता. क्रेनने भिंत उचलली. मी एका टोकाला हात लावला, दुसऱ्या टोकाला ते. घाटाकडून वारा येत होता. भिंत बोटभर फिरली की एका बाजूच्या सळ्या शिरत, दुसऱ्या बाजूच्या बाहेर राहत. नळीचं तोंड भिंतीच्या तळाशी, त्यामुळे खाली वाकल्याशिवाय दिसत नाही. आणि टांगलेल्या सहा टनांखाली कोणी वाकायचं नसतं, हा नियम माझ्याच सेफ्टी नोटमध्ये होता. चाळीस मिनिटांनी मी हात सोडला. भिंत बसली नव्हती.

"वर तर असं दोन-तीन मजल्यांच्या उंचीवर करायचं," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

मी गणित पुन्हा केलं. सोळा बारीक सळ्यांऐवजी सहा जाड सळ्या चालत होत्या. आधीही चालल्या असत्या. नळ्यांची तोंडं नरसाळ्यासारखी पसरट केली. एकनाथदादांनी सुचवलं की दोन टोकांच्या सळ्या वीतभर लांब ठेवा. त्या आधी शिरल्या की बाकीच्या आपसूक येतात. कुठल्याही कोर्समध्ये मला हे कोणी शिकवलं नव्हतं.

पहिल्या मजल्याच्या सगळ्या भिंती उतरवल्या. खालच्या दोन भिंतींच्या पायाशी खाचा पाडून, खाली ड्रिल करून नव्या सळ्या बसवल्या. दोन महिने गेले. सामंतांनी त्या काळात माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. सळ्या कापल्याबद्दल एकनाथदादांना काढून टाकायचं चाललं होतं. मी माझा मेल छापून मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ठेवला. ते राहिले. पण न विचारता सळी कापणं माफ नाही, हेही मी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी मान्य केलं.

नवी पहिली भिंत अकरा मिनिटांत बसली. मी प्रत्येक नळीत तार घालून पाहिली. सहाही ठिकाणी अडली.

आता ड्रॉइंगवर सही करण्याआधी मी ते मुकादमाला दाखवते आणि विचारते, तुम्ही उभे कुठे राहणार आणि तिथून तुम्हाला काय दिसणार? याला साधारण अर्धा तास लागतो.