गूळ कडू कुठनं झाला

अख्ख्या इंदापूर तालुक्यात माझ्या थोरल्या साडूइतका तापदायक माणूस झाला नाही आणि होणारही नाही. त्याने 'का' हा शब्द जेवढा झिजवला तेवढ्या मी वहाणा झिजवल्या नाहीत. मुंग्यांची रांग दिसली की हा बोटाने मधली माती पुसणार आणि त्या वाट कशा चुकतात ते बघत उकिडवा बसणार. बैल गाडीला जुंपलेले तसेच उभे. स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या सुपारीत भिंतीवरून पालीचं तुटकं शेपूट पडलं. ताटं वाढलेली, व्याही हात धुऊन बसलेले, आणि हा त्या शेपटापाशी. म्हणतो, "मालकीण तर पळाली, मग ह्ये कुणाच्या हुकमानं वळवळतंय?"

भवानीनगरचा साखर कारखाना तेव्हा नवा होता, तरी शेळगावात माझं गुऱ्हाळ चालू होतं. माझ्या गुळाचा पिवळाधमक रंग बारामतीच्या पेठेत लांबून ओळखत. एके दिवशी साडू पाहुणा म्हणून आला. गुऱ्हाळावर आलेल्याला जा म्हणायची आमच्यात रीत नाही. गुळव्याने काहिलीतल्या उकळत्या रसात भेंडीचं पाणी ओतलं, मळी वर आली. साडू म्हणाला, "भेंडीला मळी वळखू कशी येती?" त्या म्हाताऱ्या गुळव्याला जन्मात कुणी काही विचारलं नव्हतं. तो खुलला, हातवारे करत सांगत बसला, आणि पाक पुढे गेला. काहील उतरवायचा हुकूम गुळव्याचा. मालकानेही मध्ये तोंड घालायचं नाही. करपल्याचा वास मला आला होता, पण रीत ती रीत.

पेठेतला अडत्या काळी पडलेली ढेप बघून म्हणाला, "आबा, ह्यो खायाचा हाय का वंगण म्हणून चाकाला लावायचा?" मान खाली घालून घरी आलो, तर साडू ओसरीवर त्याच गुळाचा खडा चघळत बसलेला.

"आबा, रस तर गोड व्हता. मग कडू कुठनं आलं?"

"तुमच्या तोंडातनं," मी म्हणालो. "पुन्हा माझ्या दारात येऊ नका."

नाही आला. वारला तेव्हाही आमचं बोलणं नव्हतं. चूक त्याचीच, हे मी आजही सांगेन.

आता गुऱ्हाळ मोडलं, ऊस कारखान्याला जातो. परवा बायकोच्या हातून चुलीवर साखर करपली. तिचा खडा मी जिभेवर ठेवला आणि तोंडातून निघून गेलं, "साखर गोड, मग ह्ये कडू कुठनं येतं गं?"

चुलीतलं लाकूड मागे ओढत ती म्हणाली, "दाजींनी बी ह्येच इचारलं हुतं."

मी खडा थुंकला नाही. विरघळेपर्यंत चघळला.