म चा मे

अब्बांचं दुकान चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आतल्या बाजूला होतं. पेट्या दुरुस्त करायच्या, तबला-ढोलकी मढवायची, एवढाच धंदा. दुकान असं की दोन गिऱ्हाइकं आत शिरली तर अब्बांना बाहेर उभं राहून बोलावं लागे. तरी चंद्रपूर-गडचिरोलीकडचा कुठलाही वाजवणारा शहरात आला की तिथे टेकल्याशिवाय परत जात नसे. कुणाला ढोलकीवाला हवा आहे, कुठल्या गाणाऱ्या बाईचं लग्न ठरलं, कोणत्या गावात ऐनवेळी तबलजी पळाला, सगळं तिथे कळायचं. अब्बा एकाचा निरोप घ्यायचे आणि दुसऱ्याला द्यायचे. सगळ्याच मुलींच्या वडिलांना एवढी माणसं ओळखत असतात, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक. नाटक कंपन्यांनी हंगामभरासाठी बांधून घेतलेले वादक ते पक्के. बाकीचे सुटे. जिथून बोलावणं येईल तिथे वाजवायचं, नाही आलं तर घरी बसायचं. बिडी सुटी मिळते, बिस्किट सुटं मिळतं, तसे हे सुटे वादक. मला तो शब्द फार आवडायचा. त्यांना अजिबात आवडायचा नाही.

नव्वदचं दशक संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या दुकानासमोर वरच्या मजल्यावर एक सायबर कॅफे उघडला आणि कॉम्प्युटरचा कोर्स केला म्हणून तिथे बसण्याचं काम मला मिळालं. इंटरनेटवर तेव्हा ग्रुप निघत. एकाने मेल लिहिला की सगळ्यांना पोचायचा. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, हे तर अब्बांचं दुकान. मग मीही एक ग्रुप काढला आणि नाव ठेवलं 'सुटे'.

अब्बांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "उसमें बैठने को जगह है?"

"सबके लिए है, अब्बा."

"और चाय?"

"चाय नहीं मिलती."

"फिर कौन आएगा," अब्बा म्हणाले.

पण लोक आले. आधी नागपूर-पुण्याला नोकरीला गेलेली आमच्याकडची मुलं आली. मग माजरीच्या कोळसा खाणीत काम करणारे एक तबलजी आले. एटापल्लीकडच्या एका गावात शिकवणारे आणि गोंडी गाणी गाणारे एक गुरुजी आले. ते महिन्यातून एकदा गडचिरोलीला यायचे आणि महिनाभराचे मेल एका बैठकीत वाचायचे. मूल गावच्या राइस मिलमधले मुनीमजी आले. मुनीमजी ढोलकी वाजवायचे आणि मूलच्या ज्या सुट्यांना कॉम्प्युटरचं काही कळत नसे, त्या सगळ्यांचे निरोप तेच लिहायचे. आलेले मेल ते बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचून दाखवत. म्हणजे आमचा ग्रुप अर्धा इंटरनेटवर आणि अर्धा टपरीवर चालत होता. चहाचा प्रश्न असा परस्पर सुटला.

भांडणं काय कमी होती का? कोण मोठा कलावंत यावरून व्हायची, एकाची चाल दुसऱ्याने उचलली म्हणून व्हायची. मी मधे पडून चांगली खरडपट्टी काढायची. माझी जीभ तेव्हाही तिखट होती. पण सगळ्यांत मोठी अडचण लिपीची. मराठी टाइप करता येत नव्हतं, म्हणून सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत आणि ज्याची-त्याची स्पेलिंग वेगळी. त्यातून आमची झाडीपट्टीची बोली. 'मला' म्हणायचं तर आमचा माणूस 'मले' म्हणणार. मुनीमजी ते एम-ए-एल-ई असं लिहायचे. नागपूरची मुलं लागली हसायला. फॉर्मवर एम-ए-एल-ई म्हणजे पुरुष, म्हणून कुणी विचारी, "मुनीमजी, आज किती पुरुष पाठवले?" मुनीमजी मानी माणूस. त्यांनी एक दिवस कुणाला न सांगता 'ए' काढला आणि त्याच्या जागी 'ई' टाकला. शिवाय त्यांची आणखी एक सवय होती. टाइप करताना तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचा, आणि थुंकायला उठायचं झालं की जिथे असतील तिथे ते टिंब द्यायचे.

अशात दिवाळीच्या थोडं आधी मुनीमजींचा मेल आला. मी तो वाचला तो असा: 'भाऊ मेले. आता बोलावू नका. पेटी विकाची हाये. कोणाले पायजे तं सांगा.'

भाऊ आमच्याकडे पुष्कळ असतात, पण मूलचे पेटीवाले भाऊ एकच. पायपेटी वाजवायचे. पायाने भाता हलवायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं, अशी ती टेबलाएवढी पेटी. अब्बांनी त्यांच्या त्या पेटीचे सूर किती वेळा लावून दिले असतील. मी लहान असताना भाऊ दुकानात येऊन मला मांडीवर घ्यायचे आणि माझी बोटं पट्ट्यांवर ठेवायचे. मी जिना उतरून दुकानात गेले आणि अब्बांना सांगितलं. अब्बा खाली बसले.

राइस मिलला फोन लावला, तो कुणी उचलेना. तेवढ्यात मी ग्रुपवर लिहिलंही होतं की हे आपले मूलचे पेटीवाले भाऊ, आणि मग मेल यायला लागले. मी ते वाचत होते आणि रडत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे छापून घेतले, भाऊंच्या घरच्यांना वाचून दाखवू म्हणून. अब्बा आणि मी एसटीने मूलला निघालो. माजरीचे तबलजी खाणीतून सुट्टी काढून चंद्रपूरला येऊन थांबले होते. त्यांच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत हार.

भाऊंच्या घराचं फाटक उघडलं तर भाऊ अंगणात बाजेवर बसून लसूण सोलत होते.

आम्ही तिघेही जागच्या जागी उभे. भाऊंनी वर पाहिलं. "या, या. पेटी घ्याले आले का?"

तबलजींनी पिशवी पाठीमागे नेली, पण हाराचं टोक बाहेर लोंबत होतं.

"हार कोणाले हाये?" भाऊंनी विचारलं.

"तुमालेच," तबलजी म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नाही.

"मंग घाला ना. आजवर कोणी घातला नाई."

तबलजींनी खरंच घातला. मी तोवर पायरीवर बसून हसत होते की रडत होते, माझं मलाच कळत नव्हतं. आवाज ऐकून भाऊंची बायको बाहेर आली. आम्ही काय ऐकून आलो ते तिला कळलं तेव्हा ती अशी भडकली की विचारू नका. आमच्याकडे कावळ्यांची जोडी जुळलेली दिसणं अपशकुन मानतात, आणि तो टाळायला नातलगांना मरणाची खोटी बातमी धाडतात. ते रडले की संकट टळतं. "कोणी पाह्यले कावळे?" ती विचारत होती. "मी तं नाई पाह्यले. तुमी पाह्यले का? मंग कोणं धाडली बातमी?"

मुनीमजींना मिलमधून बोलावून आणलं. त्यांनी सगळा मेल तोंडी म्हणून दाखवला, आणि मग उलगडा झाला. भाऊंनी त्यांना सांगितलं होतं, "लिव, भाऊ, मले आता बोलावू नका." भाऊ म्हणजे ग्रुपवरचे सगळे. मुनीमजींनी 'मले' नव्या पद्धतीने एम-ई-एल-ई असं लिहिलं आणि नेमके तिथेच टिंब देऊन थुंकायला उठले.

"ते पोट्टे हासले ना बापा, म्हून ई टाकला," मुनीमजी म्हणाले. त्यांचा चेहरा इतका पडला होता की मला रागावताही येईना. इतिहासात कधी ध चा मा झाला म्हणतात. आमच्याकडे म चा मे झाला होता.

पण मग लक्षात आलं की बातमी अर्धी खरीच होती. ओसरीवर पायपेटी उभी होती, तांदळाच्या रिकाम्या पोत्यांत गुंडाळलेली आणि सुंभाने आवळलेली. आदल्या हंगामात कंपनीवाल्यांनी कीबोर्ड आणला होता. त्यात सनई निघते, पाऊस निघतो, घोडाही निघतो. भाऊंना कुणी नको म्हटलं नव्हतं. फक्त बोलावलं नव्हतं. यंदाही दिवाळी तोंडावर आली आणि निरोप नाही. मिलमालकांच्या नागपूरच्या पाहुण्यांना दिवाणखान्यात शो म्हणून जुनी पेटी हवी होती. दुपारी त्यांचा टेम्पो येणार होता. ग्रुपवर कुणी वाजवणारा घेत असेल तर बरं, एवढ्यासाठी भाऊंनी तो मेल लिहवून घेतला होता.

"तिच्यावर फुलदाणी ठेवतीन," भाऊ म्हणाले. "ठेवू दे. इथी ठेवून तरी काय करू?"

अब्बा मला म्हणाले, "जो लाई है, पढ के सुना."

मेलेल्या माणसासाठी लिहिलेलं जिवंत माणसाला कसं वाचून दाखवायचं? पण अब्बांनी सांगितलं म्हणून मी वाचायला लागले. वडशाकडच्या एका नटीने लिहवून घेतलं होतं. एका प्रयोगात तिचा गळा बसला होता आणि ती कुणाला सांगायला लाजत होती. पहिल्या गाण्याला भाऊंनी पट्टी आपणहून दोन सुरांनी उतरवून घेतली, आणि त्याबद्दल पुढे कधी शब्द काढला नाही.

"दोन नाई, एकच सूर उतरवला," भाऊ म्हणाले. "दोन उतरवले असते तं कोंबडीवाणी वाटली असती."

एटापल्लीच्या गुरुजींनी पाठवलेलं त्यानंतर वाचलं. नेमके ते त्या दिवशी गडचिरोलीला आले होते. त्यांच्या गावच्या लग्नात भाऊ एकदा पाहुणे म्हणून गेले होते आणि बरोबर हातपेटी नेली होती. बायका गोंडीत गायला लागल्या तशी भाऊंनी पेटीवर ती चाल धरून पाहिली. थोडं वाजवलं, मग पेटी बंद केली आणि म्हणाले, या गाण्याले पेटी नाई पायजे. मग मांडी घालून शेवटपर्यंत ऐकत बसले. गुरुजींनी लिहिलं होतं, 'आमच्या गाण्यात काय भरायला हवं हे सांगणारे पुष्कळ येतात. आमच्या गाण्यासाठी आपली पेटी बंद करणारा हा एकच माणूस आला.'

या वेळी भाऊंनी काही दुरुस्त केलं नाही. मी आणखी वाचत गेले. पुण्यातल्या एका मुलाने भाऊंकडे चोरून शिकल्याचं लिहिलं होतं, चोरून म्हणजे कुडाच्या फटीतून पाहून. कुणीतरी नुसतंच लिहिलं होतं की आता मंडईला जायची इच्छा राहिली नाही. मधेमधे तबलजी माझ्या हातातला कागद घेऊन वाचायचे.

सगळं संपल्यावर भाऊंनी विचारलं, "हे सारं मी मेलो म्हून?"

"हो," मी म्हटलं.

"मंग जित्ता असताना काऊन नाई लिवलं?"

मुनीमजी जमिनीकडे पाहत होते. भाऊंच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

तेव्हा भाऊंची बायको उठली. ती ओसरीवर गेली आणि सुंभाची गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना तेव्हा तिने विळा आणून सुंभ कापला. पोती खाली टाकली आणि मुनीमजींना म्हणाली, "त्या नागपूरवाल्याइले सांगून टाका, येऊ नका म्हणा."

भाऊ गळ्यातल्या हारासकट पेटीपुढे बसले. मुनीमजी बाहेर जाता जाता थांबले आणि आता ग्रुपवर काय लिहू म्हणून विचारलं. भाऊ म्हणाले, "लिव, भाऊ हाये. बोलवा." मग जरा विचार करून म्हणाले, "टिंब सांभाळून दे."

बोलावणी आली. पहिलं माजरीच्या खाण कामगारांच्या वसाहतीतून आलं, तबलजींनी ते करवूनच घेतलं. मग वडशाच्या त्या नटीने आपल्या कंपनीत हट्ट धरला आणि कीबोर्डच्या शेजारी पायपेटी मांडायला लावली. भाऊ पुढे पुष्कळ वर्षं वाजवत राहिले. तो ग्रुप आता नाही. इंटरनेटवर त्याची जागा दुसऱ्या गोष्टींनी घेतली आणि जुने मेल कुठे गेले ते मलाही ठाऊक नाही. पण त्या माणसांनी मला आपल्यात घेतलं, माझी बोलणी खाल्ली आणि मेल लिहिणं सोडलं नाही. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही आणि फेडूही शकत नाही.

मूलहून परतलो त्याच आठवड्यात मी ग्रुपवर अब्बांबद्दल लिहिलं. पेटी बेसूर असताना त्यांनी कुणाला दुकानातून जाऊ दिलं नाही, हे लिहिलं. पोरगी दिवसभर मशीनसमोर बसते म्हणून मोहल्ल्यात लोक बोलायचे, तेव्हा अब्बा त्यांना सांगायचे, 'वो भी दुकान ही चला रही है', हेही लिहिलं. आपला ग्रुप मी काढला असं सगळे म्हणतात, पण मी अब्बांच्या दुकानाची नक्कल तेवढी केली, असं शेवटी लिहिलं. मग ते छापून घेतलं आणि दुकानात जाऊन अब्बांना वाचून दाखवलं.

अब्बांनी ऐकून घेतलं. उठून दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, गिऱ्हाईक येऊ नये म्हणून. परत येऊन बसले आणि म्हणाले, "फिर से पढ. जरा धीरे."